पहिल्या 30 मीटरमधला वेग वाढवायला जिममध्ये कोणते व्यायाम करावेत?

तुम्ही लिहिलंय, 100 मीटरमध्ये शेवटी तुम्ही बऱ्याच जणांना गाठता, पण सुरुवातीलाच मागे पडता. माझी दोन वर्षं याच तक्रारीत गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या एक-दोन पावलांत पाय जमिनीवर साधारण 0.2 सेकंद टेकलेला असतो. पूर्ण वेगात हाच वेळ 0.1 सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे सुरुवातीला जोर लावायला जवळपास दुप्पट वेळ मिळतो. जिममध्ये कमावलेली ताकद इथेच सगळ्यात जास्त कामी येते.

पाया स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठाबशा. आठवड्यातून दोनदा, जड वजन, 3 ते 5 रेप्सचे (सलग आवृत्त्यांचे) 3-4 सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. उठताना जमेल तितक्या जोरात उठा.

मी मात्र फक्त स्क्वॉटचं वजन वाढवत राहिलो आणि घड्याळ काही हलेना. शेवटी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्वतःची स्टार्ट पाहिली. दुसऱ्या पावलाला टाच जमिनीकडे खचत होती. मांडीतून आलेला जोर घोट्यातच विरत होता! मग एका पायावर काफ रेज (टाच वर उचलणं) सुरू केले, गुडघा किंचित वाकवून. वरच्या टोकाला टाच 20-30 सेकंद धरून ठेवायची. दिसायला साधा व्यायाम आहे, पण मला फरक जाणवला तो यानंतरच.

जोडीला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर स्क्वॉट) आणि हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून वजनासह कंबर वर उचलणं). हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंसाठी, नॉर्डिक करा (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणी धरलेले असताना, शरीर हळूहळू पुढे झुकवणं), पण सुरुवातीला 4-5 रेप्सचे दोनच सेट. पाय फार दुखतात, त्यामुळे स्प्रिंटच्या आदल्या दिवशी अजिबात नको.

स्लेज (वजन ठेवून जमिनीवरून ओढायची घसरगाडी) मिळाली तर सोडू नका. 10 ते 20 मीटर ओढायची, पुढे झुकून, जमीन मागे ढकलत. कमरेत वाकायला लागलात तर वजन उतरवा. स्लेज नसेल तर चढावर धावा.

आणि कळकळीनं सांगतो, आधी स्प्रिंट, मग वजनं. थकलेल्या पायांनी स्टार्टचा सराव केला की शरीर संथ धावणंच शिकतं.

दर तीन आठवड्यांनी 10 आणि 30 मीटरची वेळ लावा. आज मात्र बाजूने व्हिडिओ काढून दुसऱ्या पावलाची टाच बघा आणि काय दिसलं ते खाली लिहा. त्यावरून आधी घोटा की मांडी, ते सांगता येईल.