दमाची पावडर

प्रश्न : मी गंगावेशीजवळच्या तालमीत सराव करतो. एका दोस्तानं ‘आयकार’ नावाची पावडर सुचवलीय. म्हणतो, पेशीतलं ‘एएमपीके’ जागं होतं, दम वाढतो. घेऊ का सर?
– एक पैलवान, कोल्हापूर

उत्तर : नको रे बाबा. दोस्ताचं शास्त्र मात्र अगदीच खोटं नाही. एएमपीके हे प्रथिन म्हणजे पेशीतला काटकसरी कारभारी. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं इंधन; ते खर्च होऊन त्याचं उरलेलं रूप, एएमपी, साठलं की त्याला कळतं, घरात चणचण आहे. मग तो चरबी बनवणं थांबवतो आणि साखर, चरबी जाळायला काढतो. आयकार पेशीत शिरलं की त्याचं ‘झेडएमपी’ होतं. ते एएमपीचं सोंग घेतं आणि कारभारी फसतो! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चार आठवडे आयकार दिलेल्या उंदरांचा पळण्याचा दम व्यायामाशिवाय ४४ टक्क्यांनी वाढला. पण ते उंदीर होते, आणि त्यांना खासबागेत उतरायचं नव्हतं. तुला उतरायचंय. आयकार ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहे, तपासणीत सापडलास तर कुस्ती बाजूलाच राहील.

मी स्वतः रोज रात्री भाकरी-रस्सा झाला की मेटफॉर्मिनची गोळी घेतो. तीही आडवाटेनं याच कारभाऱ्याला हलवते: पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं, म्हणजे एटीपी बनवणाऱ्या भट्ट्यांचं, काम थोडं मंदावते, म्हणून चणचण भासते. पण ती माझ्या मधुमेहासाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेली. दमासाठी नव्हे.

तुझ्या जोर-बैठकांत एटीपी खरोखरच खर्च होतं, कारभारी आपसूक उठतो. ते पाकीट न फोडता आधी वस्तादांना दाखव.