दुकानाच्या काचेत चित्रं लावायची तर आधी शटरचं बघा

तुमचा प्रश्न असा, की शहरातल्या मुख्य पेठेत दुकानदारांना सांगून त्यांच्या दर्शनी काचेत तिथल्याच चित्रकारांची चित्रं लावायची आहेत. लोक बघतील का, आणि अडचणी काय येतात?

लोक बघतात. अडचणी मात्र चित्रकारापेक्षा दुकानदाराच्या बाजूनं जास्त येतात.

माझं कोल्हापुरात फ्रेमिंगचं दुकान आहे. चित्रकार मंडळींशी रोजचं उठणं-बसणं. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून राजारामपुरीत हा उद्योग केला. अकरा दुकानं, वीसेक चित्रं, पंधरा दिवस. परदेशातले फोटो बघून डोक्यात भरलं होतं, की रात्री दिव्यांत काचा उजळल्यात आणि जेवून फिरायला निघालेली माणसं थांबून बघतायत. पहिल्याच रात्री साडेनऊला एकेक शटर खडखडत खाली आलं आणि प्रदर्शन गुंडाळलं. जाळीचं शटर होतं फक्त दोघांकडे. तेव्हा काच बघण्याआधी शटर बघा. जाळीवाला सापडला तर त्याला सोडू नका, आतला एक दिवा अकरापर्यंत चालू ठेवायला गोड बोलून तयार करा. विजेचे पैसे तुम्ही द्या.

दुसरं म्हणजे महिना. श्रावणापासून गणपतीपर्यंत, मग दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत काच मागायलाच जाऊ नका. काचेतली पैठणी रोज गिऱ्हाईक आत ओढून आणत असते, ती काढून तुमचं निसर्गचित्र कोण लावेल? आम्ही पितृपक्ष धरला. त्या पंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात, सराफ आणि कापडवाले माश्या मारत बसलेले असतात. दारात कोणी दोन मिनिटं थांबलं तरी त्यांना बरं वाटतं. एरवी 'नंतर बघू' म्हणणारे तेव्हा चहा पाजून बोलतात. आषाढातही बाजार थंड असतो, पण आमच्याकडचा पाऊस कागदाला मानवत नाही. जलरंगाच्या चित्राला ओल लागली की काचेच्या आत तपकिरी ठिपके उठतात, आणि फ्रेमवाल्याच्या नावानं बोंब होते.

आता लावण्याबद्दल, कारण इथं सगळेच चुकतात. दिवसा रस्त्यावर ऊन आणि दुकानात त्यामानानं अंधार, त्यामुळं दर्शनी काचेचा आरसा होतो. समोरची रिक्षा, विजेचा खांब, स्वतःचं तोंड, सगळं दिसतं, चित्र सोडून. आमच्यातल्या एकानं रंकाळ्याची संध्याकाळ दिली होती, सगळी जांभळी-काळी. सुंदर चित्र. चार दिवसांत ते कोणाला दिसलंच नाही. फिकट पार्श्वभूमी आणि मोठे, ठळक आकार असलेलीच चित्रं निवडा, आणि ती काचेपासून वीतभर अंतरावर आणा. मागं ठेवलीत तर संपली. फ्रेमला पुन्हा काच नको, एकावर दुसरा आरसा होतो. कॅनव्हास असेल तर तसाच लावा.

उंची ठरवताना फुटपाथवर उभं राहून बघा. खालचे तीन फूट दुचाक्यांचे, हे गृहीत धरा. कोणी कितीही पाट्या लावू दे, ॲक्टिव्हा तिथंच उभी राहणार. आणि पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानात जलरंग अजिबात देऊ नका. दुपारचं ऊन थेट येतं, गुलाबी आणि किरमिजी छटा आधी उडतात. पाठीमागं पूर्ण फळी ठोकू नका. बाहेरून दुकान आतपर्यंत दिसलं पाहिजे, ही दुकानदाराची रास्त अट असते.

चित्रकाराचं नाव आणि किंमत दोन बोटं उंचीच्या देवनागरी अक्षरांत लिहा. किंमत लपवली की लोकांना वाटतं आपल्या आवाक्यातलं नाही, आणि पुढं जातात. फोन नंबर चित्रकाराचा द्या, दुकानदाराला विक्रीत गुंतवू नका.

काहींना यात कमीपणा वाटतो, 'आमचं चित्र काय ब्लाउजपीसच्या शेजारी?' अँडी वॉरहॉल या नामवंत अमेरिकन चित्रकारानं १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाच्या काचेत पुतळ्यांना घातलेल्या कपड्यांमागं आपली चित्रं टांगली होती. आणि आमच्या बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाची पोस्टरं रंगवली. रस्त्यावर, बाजारात चित्र असणं कोल्हापूरला नवं नाही.

त्याच बॉनविट टेलरमध्ये १९३९ साली साल्वादोर दाली या नामवंत स्पॅनिश चित्रकारानं काच सजवली होती. दुकानवाल्यांनी त्याला न विचारता त्यात बदल केले. तो आत शिरून रागारागानं सगळं उलथवायला लागला, आणि आतला बाथटब काच फोडून रस्त्यावर आला. आमच्याकडं एवढं झालं नाही, पण जवळपास गेलं होतं.

झालं असं, की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळी चित्रं परत आणायची ठरली होती. एक राहिलं. तालमीतल्या एका वस्तादांचं पोर्ट्रेट, फेटा, पिळदार मिशा, झकास काम. दुकानदार म्हणाला, राहू दे आठवडाभर, लोक विचारतात. मग आली खंडेनवमी. दुकानातल्या पोरानं तराजू, कात्री, गल्ला, सगळ्यांची पूजा केली, लक्ष्मीच्या फोटोला झेंडूचा हार घातला, आणि उरलेला हार वस्तादांना. वर कुंकू, खाली उदबत्ती. संध्याकाळपर्यंत पेठेत वस्ताद गेल्याची बातमी. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला निघालेले वस्ताद स्वतः काचेसमोर उभे, मागं चार पठ्ठे. "आरं, मी अजून जित्ता हाय की!" दुकानदारानं पाय धरले, पोराला दोन दिवस दुकानात यायचं धाडस झालं नाही. चित्रकाराला कॅनव्हासवरचं कुंकू काढायला आठवडा लागला. खाली धुराचा हलका डाग अजून आहे.

म्हणून प्रत्येक दुकानदाराशी अर्ध्या पानाचा कागद करा. चित्र कधी आलं, कधी परत, किंमत किती, फुटलं-भिजलं तर भरपाई कोण देणार. दुकानाच्या विम्यात परक्याचं चित्र आपोआप येतं असं धरून चालू नका, विचारून घ्या. न विचारता हलवायचं नाही, हेही लिहा. आमच्या कागदावर त्याखाली आणखी एक ओळ असते: हार, कुंकू, उदबत्ती नको.