ड्रॉप्स घातले की बरं, थांबवले की पुन्हा तेच

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांत तीनदा ड्रॉप्स झाले, दर वेळी आठवड्यात आराम पडला आणि बंद केल्यावर पंधरा दिवसांत पापण्यांच्या कडा पुन्हा लाल. सकाळी डोळे चिकटलेले, दिवसभर वाळू गेल्यासारखी चुरचुर. ‘हे कायमचं कधी जाणार?’ मी डॉक्टर नाही, पण ब्लेफरायटिससोबत, म्हणजे पापण्यांच्या कडांच्या या जुनाट दाहासोबत, बारा वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो. ताप जसा येऊन जातो तसं हे जात नाही. मात्र दाबून ठेवता येतं, इतकं की महिनोन्‌महिने आठवणही होत नाही.

ड्रॉप्स डोळ्यात पडतात, दुखणं असतं पापणीच्या कडेवर. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० मायबोमियन ग्रंथी, म्हणजे तेल बनवणाऱ्या बारीक ग्रंथी, असतात. त्यांची तोंडं केसांच्या ओळीच्या जरा मागे उघडतात. डोळ्याची उघडझाप झाली की त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू चटकन उडून जात नाहीत. हे तेल घट्ट होऊन टूथपेस्टसारखं झालं की तोंडं बुजतात, डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा पडला म्हणून त्याला आणखी पाणी सुटतं. ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रुमालाने धार पुसत होतो. विश्वास बसला नव्हता.

म्हणून खरं औषध शेक. आणि इथेच बहुतेक जण फसतात, मीही तीन वर्षं फसलो. गरम पाण्यात रुमाल बुडवायचा, पिळायचा, डोळ्यांवर ठेवायचा; तो एका मिनिटात कोमट होतो आणि आतलं तेल जागचं हलत नाही. पापणीवर साधारण ४० अंश ऊब सलग पाच ते दहा मिनिटं टिकायला हवी. रुमालच वापरायचा तर दोन घ्या, एक डोळ्यांवर आणि एक गरम पाण्यात, मिनिटाला अदलाबदल. मला हे झेपेना, म्हणून ऊब धरून ठेवणारा आय मास्क घेतला. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसला तर पापणीवर नको, तिथली कातडी फार पातळ असते.

शेक उतरवल्या उतरवल्या मालिश, तेल पुन्हा थिजायच्या आत. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. हलक्या बोटाने. बुबुळावर दाब द्यायचा नाही, डोळे चोळायचे तर अजिबात नाहीत. त्यानंतर केसांच्या मुळांशी जमलेला कोंडा पुसायचा. त्यासाठी तयार लिड वाइप्स मिळतात. पाण्यात पातळ केलेला बेबी शाम्पूही बऱ्याच जणांना चालतो, मला झोंबायचा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, महिना-दीड महिन्याने एकदा. फरक दिसायला मला पाच आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात ‘काही होत नाही’ म्हणून सोडावंसं वाटतं, तेव्हा सोडू नका.

केसांच्या बुडाशी गोल कफ घातल्यासारखी पांढुरकी पुटं दिसत असतील तर डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे असू शकतात. तपासताना डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, खाली बघायला सांगून मुळं पाहतात. तसं पाहिलं नसेल तर आवर्जून विचारा. टी ट्री ऑइल मात्र बाटलीतून थेट लावू नका. नुसतं, पातळ न केलेलं तेल डोळा भाजून काढतं.

डोक्यात कोंडा, गालांवर रोझेशिया या त्वचारोगाची लाली, पूर्वी मुरमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनोइन, हे सगळं डॉक्टरांना सांगा; पापण्यांशी त्याचा संबंध असतो. स्क्रीनसमोर उघडझाप कमी होते, तेव्हा मुद्दाम पूर्ण डोळे मिटत जा. ओमेगा-३ च्या गोळ्यांवर मी बराच खर्च केला. पुढे २०१८ मध्ये कोरड्या डोळ्यांवरच्या ड्रीम चाचणीचा निकाल आला: वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणारे ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. तेव्हापासून बंद.

नजर धूसर होणं, उजेड सहन न होणं, खरी कळ येणं, यात घरचे उपाय करत बसू नका. एकाच पापणीवर सूज हटत नाही आणि तिथले केस गळतायत, किंवा रांजणवाडी पुन्हा पुन्हा त्याच जागी येते, तर लगेच दाखवा. क्वचित तिथे तेलग्रंथीचा कर्करोग निघतो आणि तो सुरुवातीला असाच दिसतो.

आता तुमच्या ड्रॉप्सबद्दल. इतक्या पटकन आराम पडतो म्हणजे त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. थोडे दिवस, देखरेखीखाली, ते योग्यच असतं. मी मात्र जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर स्वतःच आणत राहिलो, आणि तपासणीत डोळ्याचा दाब २७ निघाला. साधारण १० ते २१ असायला हवा. नशीब, थांबवल्यावर उतरला. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलंय का ते आजच बघा. असेल तर चौथी बाटली आपणहून आणू नका, आणि पुढच्या भेटीत दाब मोजून घ्या.