पार्किन्सन्सच्या रुग्णाची चाल सेन्सर बांधून तपासण्यात अर्थ आहे का?

तुमच्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, डॉक्टरांनी आठवडाभर कंबरेला आणि पायांना सेन्सर बांधायला सांगितलेत, आणि त्यातून खरंच काही कळतं की हातातलं स्मार्टवॉच पुरेल, असं तुम्ही विचारलंय. कळतं, आणि घड्याळ पुरत नाही. मी जळगावात फिजिओथेरपी करते. माझे सासरे, आबा, यांना हाच आजार आहे, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

दवाखान्यात आबा उत्तम चालून दाखवायचे. खुर्चीतून उठा, तीन मीटर जा, वळा, परत येऊन बसा: कुठे अडखळणं नाही. अमळनेरला घरी मात्र ओट्यावरून आत येताना उंबऱ्यापाशी पाय जागच्या जागी थरथरायला लागायचे आणि पाऊल उचलायचंच नाही. ‘पाय भुईले चिटकी ग्यात’, एवढंच म्हणायचे. त्यात ढोंग काही नव्हतं. डॉक्टरांसमोर माणसाचं सगळं लक्ष पावलांवर असतं. घरी हातात चहाचा कप असतो, मागून कोणीतरी हाक मारतं, आणि दार अरुंद असतं. सासूबाई हे सांगून सांगून थकल्या होत्या.

सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. हालचालीचा वेग किती बदलला आणि शरीर किती वळलं, याच्या नोंदी ती सेकंदाला शंभरेक वेळा करते. त्यावरून एकेका पावलाला लागलेला वेळ, दोन पावलांतला फरक, वळायला किती पावलं लागली, हे निघतं. पाय चिकटतात तेव्हा ते शांत नसतात: सेकंदाला साधारण ३ ते ८ वेळा थरथरतात, तर नेहमीच्या चालण्यातली हालचाल ३ च्या खाली असते. या फरकावरूनच चिकटणं ओळखता येतं.

मनगटावरचं घड्याळ मुख्यतः हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतं. पार्किन्सन्समध्ये हा झोकाच लवकर कमी होतो, पाय घासत पडतात, कित्येकदा माणूस कुणाचा तरी हात धरून चालतो. मग घड्याळ पावलं कमी दाखवतं आणि घरचे उगाच घाबरतात.

एक काम मात्र तुमचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: गोळ्यांच्या वेळा लिहा. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिल्या होत्या, गोळी आणि जेवण, दोन्ही. ते सेन्सरच्या आलेखाशेजारी ठेवलं तेव्हा दिसलं, की चिकटणं बहुतेक दुपारच्या गोळीआधीच्या तासाभरात होतं. सकाळच्या लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा) असर तोवर उतरलेला असायचा. डॉक्टरांनी वेळांमधलं अंतर कमी केलं. (स्वतःहून गोळी पुढे-मागे करू नका.) नुसता आलेख असता तर मला नाही वाटत हे कुणाच्या ध्यानात आलं असतं.

उंबऱ्याआधी आम्ही जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्यात. आबा त्या एकेक ओलांडत येतात. समोर रेघ दिसली की बऱ्याच रुग्णांचं पाऊल सुटतं; तुमच्याकडेही करून बघा, पण पहिल्यांदा शेजारी कोणीतरी उभं राहा.

सेन्सर असतील त्या आठवड्यात वडिलांना मुद्दाम चालायला लावू नका. पारावर बसायची सवय असेल तर बसू द्या, शेतात चक्कर मारायची असेल तर मारू द्या. आंघोळीआधी डबी काढायची का, तेवढं देणाऱ्याला विचारून घ्या.