वाचकांचे प्रश्न : नॅट किंग कोल पियानोवरून उठला तेव्हा

प्रश्न : नॅट किंग कोल मुळात अव्वल जॅझ पियानोवादक होता आणि लोकप्रियतेच्या नादात पियानो सोडून गुळगुळीत प्रेमगीतांकडे वळला, असं वाचनात आलं. आपण पियानो शिकवता, म्हणून विचारतो. आपल्याला याची हळहळ वाटते का?

उत्तर : थोडी वाटते. पण त्याने पियानो सोडला, हे मला मान्य नाही.

आधी तो वादक म्हणून काय होता ते पाहू. जन्म १९१९ चा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. वाढला मात्र शिकागोत. वडील पाद्री, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि पहिले धडे तिनेच दिले. पुढे त्याचे कान लागले ते जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सच्या वादनाकडे. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने आपलं त्रिकूट उभं केलं : स्वतःचा पियानो, ऑस्कर मूरची गिटार आणि वेस्ली प्रिन्सचा बास. ड्रम नाहीत! ताल सांभाळायला वेगळा माणूसच नाही म्हटल्यावर तिघांनाही लय आपापल्या अंगात मुरवावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांना मी या त्रिकुटाची रेकॉर्डिंग्ज ऐकवते, ती डाव्या हातासाठी. किती कमी वाजवतो तो! गिटारला जागा हवी असेल तिथे हात उचलतो, आणि पुन्हा येतो तो नेमका हवा तिथेच. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर जरूर पाहा. श्रोत्यांकडे तोंड करून तो गात असतो, पट्ट्यांकडे बघतही नाही आणि बोटं आपलं काम करत राहतात.

त्रिकुटाचं गाजलेलं पहिलं मोठं गाणं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ १९४३ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालं. त्यातली गिधाडाची आणि माकडाची गोष्ट वडिलांच्या प्रवचनातली. मग आला ‘द ख्रिसमस साँग’. १९४६ च्या जूनमध्ये तो नुसत्या त्रिकुटासह ध्वनिमुद्रित झाला, पण कोलला व्हायोलिनं हवी होती. ऑगस्टमध्ये तंतुवाद्यांसह पुन्हा ध्वनिमुद्रण झालं आणि बाजारात आलं ते हे दुसरं. माझ्या मते खरं वळण इथे आहे, आणि ते त्याने स्वतः मागून घेतलं.

दोन वर्षांनी ‘नेचर बॉय’. ईडन आबेझ नावाचा, लांब केसांचा, उघड्यावर झोपणारा गीतकार लॉस एंजेलिसच्या लिंकन थिएटरमध्ये या गाण्याचा कागद कोलसाठी देऊन गेला होता. १९४८ मध्ये ते आठ आठवडे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं राहिलं. १९५० मध्ये ‘मोना लिसा’. तिची वाद्यरचना तरुण नेल्सन रिडलची, रेकॉर्डवर नाव मात्र लेस बॅक्स्टरचं. पुढे रिडल आणि कोल यांनी मिळून जे काम केलं, त्याच्या जोडीचं त्या काळात मला फारसं काही दिसत नाही.

आता माझा मुद्दा. ‘मोना लिसा’ लावा आणि फक्त शब्द कधी येतात तेवढं ऐका. मात्रा पडते आणि शब्द तिच्या किंचित मागून येतो, पण रेंगाळत नाही. ओळ संपली की सुटणारी जागा तो सुराने भरत नाही, मोकळी ठेवतो. त्रिकुटात डावा हात उचलायचा तसाच. आवाजाचा पल्ला मोठा नव्हता. ताना नाहीत, टिपेला जाऊन टाळ्या घेणं नाही. वादकाने कमावलेला संयम त्याने गळ्यात आणला. म्हणून त्या गाण्यांना ‘गुळगुळीत’ म्हटलं की मला वाईट वाटतं. इतकं सहज वाटणारं गाणं बसवायला काय लागतं, हे शिकवायला बसलं की कळतं.

प्रश्न : त्याच्या आवाजातला तो धुरकट मऊपणा सिगारेटींमुळे होता का?

उत्तर : धूम्रपानाने आवाज खर्जात राहतो अशी त्याचीच समजूत होती असं सांगतात, आणि तो प्रचंड ओढायचा. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ फेब्रुवारी १९६५ रोजी सांता मोनिकाच्या रुग्णालयात तो गेला. वय ४५. गायला शिकणाऱ्या कुणीही ही समजूत उराशी धरू नये, एवढंच कळकळीने सांगते.

प्रश्न : एवढा लोकप्रिय असूनही त्याचा टीव्ही कार्यक्रम वर्षभरातच का बंद पडला?

उत्तर : कारण तो कृष्णवर्णीय होता. याला दुसरं सौम्य उत्तर नाही.

एनबीसीवर ५ नोव्हेंबर १९५६ ला कार्यक्रम सुरू झाला, आधी पंधरा मिनिटांचा, पुढच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाचा. पाहुणे कोण, तर एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफाँटे, पेगी ली, टोनी बेनेट. खर्च आवाक्यात राहावा म्हणून असे कलावंत संघटनेने ठरवलेल्या किमान मानधनावर आले. तरीही देशभरासाठी एकही प्रायोजक मिळाला नाही. दक्षिणेतले गोरे ग्राहक दुरावतील ही कंपन्यांची भीती. १७ डिसेंबर १९५७ ला शेवटचा भाग झाला. जाहिरातवाल्यांचं मॅडिसन अव्हेन्यू अंधाराला, म्हणजे काळ्या रंगाला, घाबरतं, हे कोलचं वाक्य तेव्हापासून लोकांच्या लक्षात आहे.

ही वागणूक त्याला नवी नव्हती. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत त्याने घर घेतलं. नको असलेली माणसं इथे यायला नकोत, असं रहिवाशांनी ऐकवलं, तेव्हा मलाही ती नकोत, तसं कुणी दिसलं तर पहिली तक्रार मी करीन, असं तो म्हणाला. आणि तिथेच राहिला. १० एप्रिल १९५६ ला अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये, ज्या राज्यात जन्मला तिथे, गात असताना माणसं रंगमंचावर चढली आणि त्याला खाली पाडलं. समोरचे श्रोते फक्त गोरे होते. वर्णावरून विभागलेल्या श्रोत्यांपुढे गातोच कशाला, म्हणून कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनीही त्याला धारेवर धरलं. त्यांचा राग मला समजतो. पण मार खाऊन उठलेल्या माणसावर त्याच आठवड्यात तो काढावा, हे मनाला पटत नाही. पुढे तो एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचा आजीव सदस्य झाला.

प्रश्न : मुलगी नॅटली हिच्याबरोबरचं ‘अनफर्गेटेबल’ दोघांनी एकत्र कधी गायलं?

उत्तर : कधीच नाही. वडिलांचं ध्वनिमुद्रण १९५१ चं. ते गेले तेव्हा नॅटली नुकती १५ वर्षांची झाली होती. १९९१ मध्ये जुन्या आवाजाशेजारी तिने आपला आवाज बसवला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले. अशा तांत्रिक जोडगाण्यांबद्दल मी साशंक असते. इथे मात्र तिने वडिलांच्या मोकळ्या जागा फार भरल्या नाहीत, म्हणून ते टिकलं.

प्रश्न : त्याचा पियानो आणि गाणं दोन्ही एकत्र, एकाच तबकडीवर ऐकायचं तर?

उत्तर : ‘आफ्टर मिडनाइट’. १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित, पुढच्या वर्षी प्रसिद्ध. गाण्यांमुळे घराघरात पोचल्यावर तो पुन्हा छोट्या संचात पियानोवर बसला. सोबतीला हॅरी एडिसनचं ट्रम्पेट आणि स्टफ स्मिथचं व्हायोलिन. त्यात ‘स्वीट लोरेन’ आहे, त्रिकुटाच्या सुरुवातीच्या दिवसांतलं. १९४० चं आणि हे, अशी दोन्ही लागोपाठ ऐका. आवाज केवढा बदललाय आणि बोटं किती कमी, ते कानाला लगेच कळेल.