पाहणीतला 'हो' आणि सकाळी आठची सायकल

तुमच्या मेट्रो स्टेशनपाशी भाड्याच्या ई-सायकली ठेवायला कंपनी तयार आहे, सोसायट्यांमधल्या पाहणीत बहुतेकांनी 'वापरू' असं लिहिलंय, आता आणखी कोणाशी बोलायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या पाहणीबद्दल सांगतो. त्या 'हो'वर फार विसंबू नका.

मी पुण्यातल्या औंधचा. डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या योजनेतून आमच्याकडे आणि विद्यापीठात सायकली आल्या. मला ती सोय मनापासून आवडली होती. मोबाइलने कोड स्कॅन केला की कुलूप खटकन उघडायचं. पण एका सकाळी ॲपवर तीन सायकली दिसत होत्या. एकीची चेन उतरलेली, दुसरीची सीट वर होईना, तिसरी एका सोसायटीच्या आवारात आणि वॉचमन आत सोडेना. बस चुकली. पंधरवड्यात पुन्हा तेच झालं आणि मी स्कूटर काढली. भाडं दोन रुपये जास्त असतं तरी मी दिलं असतं हो, पण सायकल मिळेलच याचा भरवसा उरला नव्हता. म्हणून कंपनीला विचारा: सकाळी आठ ते दहा चालू स्थितीतल्या सायकली किती असतील, बिघडलेली किती तासांत उचलाल? करारात लिहून घ्या. पहिल्या महिन्यातले डाउनलोड ते दाखवतीलच. तुम्ही सहाव्या महिन्यात रोज चालवणारे किती उरतात ते मागा.

आता बोलायचं कोणाशी? सर्वांत आधी रिक्षा स्टँडवर जा. आमच्याकडे कोणी गेलंच नाही. नंतर चहाच्या टपरीवर एक रिक्षावाले काका मला म्हणाले, "धंद्याचं सोडा साहेब, पण पहिल्या गाडीच्या तोंडाशीच सायकली लावतात, नंबर मोडतो आमचा." मग सायकली वीस पावलं पुढे सरकवल्या, आणि त्यानंतर वाऱ्याने पडलेली सायकल ते काकाच उभी करून ठेवायचे.

जे कधीच चालवणार नाहीत, त्यांचंही ऐकून घ्या. पॅरिसमध्ये भाड्याच्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटर ठेवायच्या का, यावर २ एप्रिल २०२३ ला मतदान घेतलं. जेमतेम साडेसात टक्के लोक आले, त्यातल्या ८९ टक्क्यांनी नको म्हटलं, आणि सप्टेंबर उजाडायच्या आत स्कूटर रस्त्यावरून गेल्या. चालवणारे घरी बसले; फुटपाथवर अडखळणारे मत द्यायला आले. तुमच्याकडे मतदान होणार नाही, पण दुकानदार आणि सकाळी फिरायला निघणारे आजी-आजोबा नगरसेवकाकडे जातीलच. त्यामुळे जागा आखून घ्या आणि फुटपाथ मोकळा ठेवा.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरकामाच्या मावशी एका सोसायटीतून दुसरीत दिवसभर पायी जातात. त्यांच्याइतकी गरज कोणालाच नाही, पण अनामत रक्कम आणि ऑनलाइन पैसे यांवर त्या अडतात. तुमच्या पाहणीत त्यांना विचारलंत का? फॉर्म सोसायटीच्या ग्रुपवर फिरला असेल, तर त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. दुपारी दोनला गेटपाशी उभं राहा, तेव्हा त्या घरी निघतात. हवं तर मीही येतो, शनिवारी मोकळा आहे.