परसबागेतील तण आणि तागाची पेरणी

प्रश्न : घरामागे अर्धा गुंठा परसबाग आहे. उन्हाळी भाज्या संपल्या की वाफे रिकामे राहतात आणि पावसाळ्यात त्यांत केणा, गाजरगवत व लव्हाळा माजतो. ताग पेरल्यास तण दबते, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का? गणपतीच्या सुमारास टोमॅटोची रोपे लावायची आहेत.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे केणा आणि गाजरगवतापुरते खरे आहे, लव्हाळ्याच्या बाबतीत मात्र अर्धेच. उघड्या मातीत उजेड मिळाला की तणाचे बी भराभर रुजते; ताग दाट पेरल्यास तीन-चार आठवड्यांत त्याची सावली जमीन झाकते आणि खालचे तण खुरटते. हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे कोवळे पीक मातीत गाडून केलेल्या खतासाठी, हेक्टरी सुमारे 60 किलो, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंठ्याला 300 ग्रॅम बी लागते. तण दाबायचे असल्याने आपण 500 ग्रॅम घ्यावे. विरळ तागात तणच मजेत वाढते.

जूनच्या मध्यास चांगला पाऊस झाल्यावर, वाफे एकदा स्वच्छ खुरपून पेरणी करावी. सहाव्या आठवड्यात एक रोप हलकेच उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी निघाली, तर हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे असे समजावे. ताग 45 ते 50 दिवसांचा झाला आणि कळ्या दिसू लागल्या, की विळ्याने बारीक कापून मातीत गाडावा. येथे आळस करू नये. ताग हे मुळात वाखाचे पीक असल्याने नंतर त्याचे खोड चिवट होते, ते कुजायला वेळ घेते आणि कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरू लागल्याने पुढची रोपे पिवळी पडतात. कोवळा ताग ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत कुजतो, त्यामुळे ऑगस्टच्या आरंभी गाडल्यास गणपतीपर्यंत वाफे तयार होतील. मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही (मातीतल्या सूक्ष्म जंतांनाही) ताग आवर घालतो, हा टोमॅटोसाठी वेगळा लाभ.

राहिला लव्हाळा. सावलीने तो दुबळा होतो, पण मातीतल्या त्याच्या गाठी जिवंत राहतात आणि नुसते खुरपल्यास तुटलेल्या जागेखालून पुन्हा फुटतात. म्हणून पेरणीपूर्वी, मे महिन्यातच, वाफे फूटभर खोल खणून गाठी वेचाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात मात्र टाकू नयेत.